हाताची गोधडी, मशीनची गोधडी

हल्ली गोधडीला बरे दिवस आले आहेत. आमच्या लहानपणी पाहुणे येणार म्हटले की जी वस्तू आतल्या खोलीत सरकवली जायची, ती आता प्रदर्शनात मांडतात आणि तिला ‘संपूर्ण हाताने शिवलेली’ अशी चिठ्ठी लावतात. चिठ्ठी वाचून लोक आदराने हात लावतात. मशीनवर शिवलेली म्हटले की ‘अस्सं होय!’ म्हणून पुढे सरकतात. शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवल्यामुळे मला प्रश्न पडतोच, की हा भेदभाव आला कधीपासून?

थोडे मागे जाऊ. शिवणयंत्राच्या मुळाशी एक छोटीशी उलटापालट आहे. आपल्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, यंत्राच्या सुईचे पुढच्या अणीजवळ. त्यामुळे सुईला कापडातून आरपार जावे लागत नाही. ती वरचा दोरा खाली नेते, खालचे शटल त्यात दुसरा दोरा अडकवते आणि टाका पडतो. अमेरिकेत इलायस हाव याने १८४६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या यंत्राचे. सिंगरचे यंत्र सुरुवातीला सुमारे १२५ डॉलरना मिळे. सामान्य कुटुंबाला ते कुठले परवडणार? मग १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्यांची सोय केली आणि यंत्र घरोघरी शिरले.

तिथल्या बायका शिवत त्या क्विल्ट म्हणजे त्यांची गोधडीच. वर तुकडे जोडलेले कापड, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर. यंत्र घरात आल्यावर त्यांनी क्विल्टही त्यावर शिवायला घेतल्या. काहींनी तर मशीनची शिवण मुद्दाम उठून दिसेल अशी वरच ठेवली. घरात मशीन असणे ही मिरवायची गोष्ट होती ना!

पुढे काळ उलटला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या. त्या दशकात जुन्या कलेचे प्रेम उफाळून आले आणि हाताचा टाका म्हणजेच खरा टाका असे ठरून गेले. मग १९८९ साली केंटकी राज्यातल्या पडुका गावच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या ‘कोरोना २’ या सूर्यग्रहणावरच्या क्विल्टला सर्वोच्च बक्षीस मिळाले. ती मशीनवर शिवलेली होती! तिथे असे पहिल्यांदाच घडले आणि चांगलाच वाद झाला. ज्या शिवणीची पणजीला ऐट होती, तिच्यावरून पणतींची भांडणे!

आता आपल्याकडे या. सिंगरची मशीन हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकातच आली. तिचा इथला कारभार मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी बरीच वर्षे पाहिला. काम सोपे नसणार. साडी, धोतर, उपरणे, पागोटे, सगळेच बिनशिवणीचे! गंमत पाहा, आपल्या लुगड्याला सुई लागायची ती ते विरल्यावर, गोधडीत जाताना. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी बायकांना शिवणकाम शिकवण्याची सोय केली, आणि कित्येकींचा संसार त्या आधारावर उभा राहिला. १९३० च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ हे देशी यंत्र तयार होऊ लागले.

यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला सूट दिली होती. बायकोचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने ते प्रेमापोटी बनवले, असे ते म्हणाले. सिंगरच्या चरित्रात हे प्रेम काही दिसत नाही, त्याचा डोळा धंद्यावर होता. पण गांधीजींनी लावलेली कसोटी मला पटते. यंत्र कोणाचे कष्ट कमी करते, ते पाहायचे.

आमच्या घरी मशीन आले ते मला नोकरी लागल्यावर, पगारातून हप्ते फेडून. त्याआधी आईने कितीतरी वाकळी जमिनीवर बसून शिवल्या. जुने नऊवारी पसरायचे, मध्ये धोतरांचे आणि चादरींचे तुकडे घालायचे, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असे काही वजन ठेवायचे, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचे. दुपारची झाकपाक झाल्यावर जो वेळ उरे तो यात जाई. संध्याकाळी तिची कंबर धरायची आणि मी ती चोळून द्यायची. म्हणून हाताच्या कामाचे कौतुक मला जरा बेतानेच करता येते.

मशीनवर सोपे असते असेही नाही. घरगुती मशीनवर सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जागा जेमतेम वीतभर. अख्खी गोधडी तिथून न्यायची तर दोन्हीकडून गुंडाळी करावी लागते, आणि मधून कडेकडे शिवावे लागते. आईच्या रीतीच्या बरोबर उलट! खालचे दाते तळाचे कापड पुढे ओढतात, वरचा पाय वरच्या कापडाला अडवतो. थर सरकले की चुण्या पडल्याच. म्हणून आधी सगळीकडे कच्चे टाके घालायचे, जाड सुई लावायची, टाका मोठा ठेवायचा. रेघा फार जवळ घातल्या तर गोधडी कडक होते. हाताच्या धावदोऱ्याचा मऊपणा निराळाच, हे मान्य. पण मशीनची शिवण धुण्याला जास्त टिकते, हेही खरे.

गेली काही वर्षे माझी बोटे आखडतात. बारीक सुई चिमटीत धरवत नाही. पण दोन्ही तळवे पसरून कापड पुढे सरकवता येते. त्यामुळे हा वाद माझ्यापुरता पुस्तकी नाही. ‘हाताचीच खरी’ म्हटले तर माझे शिवणे संपले. आणि कापड निवडणारा, थर लावणारा, रेघ सरळ ठेवणारा हात मशीनवरही माझाच असतो की!

तेव्हा प्रदर्शनातल्या चिठ्ठीवर कशाने शिवली हे जरूर लिहावे, पण कोणी शिवली तेही लिहावे. मशीनवर कंपनीचे नाव सोनेरी अक्षरांत असते, आपल्या घरातल्या गोधड्यांवर मात्र कोणाचेच नाव नसते. घरी जुनी गोधडी असेल तर ज्येष्ठांना विचारून घ्या, आणि एका चिंधीवर शिवणारीचे नाव आणि साल लिहून ती मागच्या कोपऱ्याला टाचून ठेवा. हाताने टाचा किंवा मशीनवर, तुमच्या सोयीने.