पत्राकाम, जुन्या मोटारींचे

जुन्या मोटारीचे गंजलेले बाह्यभाग पत्र्यापासून हाताने नव्याने घडवण्याची कारागिरी. नागपुरात हे काम डेंटर करतात. मडगार्ड, दाराचा खालचा भाग आणि फ्लोअर लवकर सडतात, कारण पावसाचे पाणी व चिखल तिथेच साचतो.

साधारण १८ ते २० गेजचा नरम पोलादी पत्रा (सुमारे १ मिमी) वापरतात. आधी मूळ भागावरून कागदी नमुना काढतात. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकून पत्र्याला खोली देतात. ठोक्यांनी तो ताणतो, पातळ होतो आणि कडकही होतो. पुढे पत्र्याखाली डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वरून हातोडीचे हलके ठोके देत उंचसखलपणा काढतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा वाकतो, म्हणून सांधा आधी टाक्यांनी धरून थोडाथोडा जोडावा लागतो. शेवटची पारख तळहाताची: डोळ्याला न दिसणारा खळगा हाताला कळतो. पुट्टीचा जाड थर देऊन पत्र्याचे दोष झाकणे हे कच्चे काम. तो थर पुढे तडकतो.

नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या केंद्रीय मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली. तिच्यासाठी वाहन मूळ रूपात असावे लागते; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. त्यामुळे मूळ वळणाशी तंतोतंत जुळणाऱ्या पत्राकामाचे मोल मोठे आहे.