बंब गेला, सोलर आला... अन् पाणी?

आमच्या जालन्यात गरम पाणी म्हणजे तांब्याचा बंब, आणि त्यात पऱ्हाट्या नाहीतर तुऱ्हाट्या. कापसाचा जिल्हा, सरपण शेतातच. गच्च्यांवर सोलर दिसायला लागले ते फार नंतर.

वस्तू मात्र जुनी. बाल्टिमोरच्या क्लेरेन्स केम्पने १८९१ साली पेटंट घेतलं ते काचेच्या पेटीतल्या काळ्या टाक्यांचं. रात्री पाणी गार व्हायचं. १९०९ मध्ये विल्यम बेलीने टाकी वेगळी करून वर ठेवली, तिला जाड आवरण दिलं. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली उतरतं. पंप नको, वीज नको. आपल्या गच्चीवरही तेच.

पण टाकीत पाणी पाहिजे ना! २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडी तलाव आटला, शहर टँकरवर आलं. काचेच्या नळ्या कोरड्या तापल्या अन् त्यात एकदम गार पाणी सोडलं, की तडकल्याच समजा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बसतो तो वेगळाच.

२०१० च्या राष्ट्रीय सौर मिशनने २०२२ पर्यंत २ कोटी चौरस मीटर कलेक्टरचं लक्ष्य ठेवलं होतं. घरगुती हीटरला अनुदान होतं, ते बहुतेक राज्यांत २०१४ ला बंद झालं. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत पैसा आहे तो छतावरच्या विजेला. म्हणजे उन्हाची वीज करा अन् ती गिझरला द्या! पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं, कलेक्टर निम्म्याच्या आसपास थेट पाण्यात उतरवतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला पाहिजे.

तुमच्या गल्लीतले किती सोलर चालू आहेत? खाली लिहा.