न स्वीकारलेला राजीनामा

हुलसूरपासून कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, फार दूर नाही. बाराव्या शतकातील कलचुरी राजा बिज्जळ आणि त्याचा भांडारी बसवेश्वर यांची कथा या परिसरात कोणालाही सांगावी लागत नाही. मधुवरस व हरळय्या यांच्या घरांत जातिबंधन मोडून सोयरीक झाली, राजाने दोघांना कठोर शासन केले आणि बसवेश्वर राजसेवा सोडून कूडलसंगमास गेले, अशी परंपरा आहे. तिच्या तपशिलांतील मतभेदांत आम्ही शिरत नाही. ती येथे आठवली याचे कारण, त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी दिल्लीच्या एका भांडाऱ्यानेही पद सोडावयाचे ठरविले, आणि ज्या प्रश्नावरून ते ठरविले त्याच प्रश्नाच्या ओघात हुलसूरचेही भवितव्य ठरले.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे 1943 ते 1949 या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावरील ते पहिले भारतीय. 1950 साली ते केंद्राचे अर्थमंत्री झाले आणि 1952 साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ‘मेघदूता’चे मराठी भाषांतर करणारा हा अर्थमंत्री आमच्या वाचकांना परका नाही.

1955 च्या सप्टेंबरअखेर राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल सादर झाला. त्याने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी मान्य केली नाही. पुढे 16 जानेवारी 1956 रोजी मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केला. मुंबईत जनक्षोभ उसळला, गोळीबार झाले, माणसे मेली. त्याच महिन्यात देशमुखांनी राजीनामा देऊ केला. नेहरूंनी तो स्वीकारला नाही; थांबण्यास सांगितले.

आता हे थांबविणे कोणत्या जातीचे होते, हे पाहिले पाहिजे. एके काळी इंग्रजी मुलखात 1859 चा एक कायदा होता. उचल घेतलेला कारागीर वा मजूर काम सोडू लागला, तर मॅजिस्ट्रेट त्याला काम पुरे करावयास लावी. न ऐकल्यास तुरुंग होता. तो कायदा 1925 मध्ये रद्द करण्यात आला. सरकारी नोकराचा राजीनामा आजही सामान्यतः मंजूर झाल्यावरच अमलात येतो. मंत्र्याचा राजीनामा राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्याने स्वीकारतात. पण जो मंत्री काम करणारच नाही म्हणतो, त्याला खुर्चीवर बसवून ठेवण्याचे साधन कोणाही पंतप्रधानाजवळ नसते. देशमुखांना कायद्याने बांधलेले नव्हते. त्यांना बांधले होते ते कामाने, आणि कदाचित शब्दानेही.

ते काम लहान नव्हते. 19 जानेवारीस आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा त्यांनीच नभोवाणीवरून केली होती. फेब्रुवारीअखेर अर्थसंकल्प मांडावयाचा होता. तो त्यांनी मांडला. एप्रिलपासून दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होत होती. अशा वेळी अर्थमंत्री जाऊ नये असे पंतप्रधानांना वाटले, तर त्यात नवल नाही. परंतु इकडे मुंबईत माणसे मेली होती, आणि कुलाब्याचा प्रतिनिधी ज्या सरकारात बसला होता त्याचाच तो निर्णय होता. सहा महिने त्यांनी या दोहोंचा भार वाहिला. जानेवारीतच ते बाहेर पडते तर त्यांच्या निषेधाला अधिक धार आली असती, असे आमचे मत आहे. तथापि अर्धे काम टाकून जाणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन शहर पाच वर्षे केंद्रशासित राहील असे सांगितले. मग मात्र देशमुख थांबले नाहीत. जुलैच्या अखेरीस राजीनामा मंजूर झाला, आणि 25 जुलै रोजी लोकसभेत त्यांनी आपले निवेदन केले. या निर्णयाचा विचार मंत्रिमंडळात झाला नाही, सहकाऱ्यांना विचारण्यात आले नाही, ही रीत घटनेला धरून नाही, हा त्यांचा मुख्य आरोप होता. गोळीबारांच्या चौकशीस मिळालेल्या नकारावरही त्यांनी बोट ठेवले. नेहरूंनी हे आरोप नाकारले. आम्हांला या निवेदनात विशेष वाटते ते हे की, भाषेच्या अभिमानापेक्षा त्यात कारभाराच्या रीतीवर भर आहे. तीस वर्षांहून अधिक काळ कागदपत्रांत वाढलेल्या माणसाने टिपणीतली चूक दाखवावी, तसे ते आहे. आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड गेले.

पुढच्याच महिन्यात संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्य मान्य केले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवी राज्ये आली. हैदराबाद राज्य मोडले. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, कल्याण व हुलसूरचा मुलूख म्हैसूर राज्यात. देशमुखांच्या राजीनाम्याचा विषय मुंबई होता, आणि मुंबई 1 मे 1960 रोजी महाराष्ट्राला मिळाली. देशमुख तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी होते. हुलसूर जेथे होते तेथेच राहिले. आज ते कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातील एक स्वतंत्र तालुका आहे.