कुतचा वेढा : लढाई आणि रसद

पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या काही गावांत एक जुनी दगडी पाटी पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतके पडले, एवढाच मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. ते गेले कुठे आणि पडले कसे, हे काही पाटी सांगत नाही. त्यांतले पुष्कळजण गेले ते इराकात. त्या मुलुखाला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत. तिथल्या कुत-अल-अमारा या गावच्या वेढ्याची हकिकत आज सांगायची आहे.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन बसऱ्याच्या बाजूला उतरू लागली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी हिच्यातल्याच. हेतू सुरुवातीला मर्यादित होता. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांना कोळशाऐवजी तेल लागू लागले होते, म्हणून इराणातला अबादानचा तेलाचा कारखाना राखायचा. बसरा लवकरच हाती आले. पुढे १९१५ साली जनरल टाउनशेंड तुर्कांना रेटीत टायग्रिस नदीने वर निघाले. जूनमध्ये अमारा घेतले, सप्टेंबरात कुत घेतले. तिकडे गॅलिपोलीत इंग्रजांना यश येईना. तेव्हा निदान बगदाद तरी घ्यावे, असा मोह सरकारला पडला.

आता जरा नकाशा पाहा. बसऱ्याहून बगदाद नदीच्या वाटेने सुमारे ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर. मध्ये रेल्वे नाही, पक्की सडक नाही. नदी कधी उथळ, तर कधी पुराने काठ सोडणारी. आगबोटी थोड्या. बसऱ्याला मोठे जहाज लागायला धड धक्का नव्हता.

तुम्ही म्हणाल, आपली जुनी फौज नव्हती का मुलुखावर पोट भरत दौडत? होय, पण दाणावैरण वाटेत मिळेल, तोफेचा गोळा आणि मशीनगनची गोळी वाटेतल्या गावात मिळत नाही. शस्त्र जितके वेगाने मारा करते, तितके ते मागून मागत राहते. आणि फौज एक मैल पुढे सरकली की बोटीचा जाऊन-येऊन हेलपाटा दोन मैलांनी वाढतो. बोटी तेवढ्याच, माल मात्र कमी पोचतो. विजय मिळत गेला तसतशी फौज आतून अशक्त होत गेली.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तुर्कांनी खंदक खणून गाठ घातली. टाउनशेंडचे चार हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना उघड्या पडावांवर घालून कित्येक दिवस नदीतून खाली आणावे लागले. फौज कुतपर्यंत मागे हटली आणि ७ डिसेंबरला वेढली गेली.

सोडवायला दुसरी फौज आली. पण एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला दलदल, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत तुर्कांचे खंदक. तिथे मशीनगनपुढे छातीने चालून जाऊन भागत नाही. सुमारे तेरा हजारांना सोडवताना या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले वा जखमी झाले. विमानातून धान्याची पोती टाकून पाहिली. इतिहासातला हा अशा तऱ्हेचा अगदी सुरुवातीचा प्रयोग. पण त्या वेळची लहान विमाने कितीसे वाहून नेणार? शेवटी २७० टन माल भरून ‘जुलनार’ नावाची बोट रात्री सोडली, ती तुर्कांनी पकडली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. कैदेत पुढे हजारो मेले.

मग जनरल मॉड आले. त्यांनी आधी घाई केली नाही. बसऱ्याला धक्के झाले, बोटी वाढल्या, नदीकाठाने रूळ पडले. मग डिसेंबरात फौज हलली. ११ मार्च १९१७ ला बगदाद पडले. नदी तीच, शत्रूही तोच. मागची वाट तेवढी बदलली होती.

पानिपतावर १७६१ साली रसद तुटलेल्या फौजेचे काय झाले, हे आपल्याला कुणी निराळे सांगायला नको. यंत्रयुगाने तो नियम मोडला नाही, उलट अधिक कडक केला. म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. लढाईच्या नकाशावर मुलांना फौजेचे बाण काढायला सांगाल, तेव्हा भाकरी आणि दारूगोळा कोणत्या वाटेने आला, तीही रेघ काढायला सांगा. गावच्या पाटीवरची माणसे का परतली नाहीत, त्याचे बरेचसे उत्तर त्या रेघेवर सापडेल.