बाबासाहेब फारसी का शिकले?

मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा. १९०७ साली भीमराव आंबेडकर इथून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलाचे हे यश इतके मोठे वाटले की अभिनंदनाची सभा भरली. सी. के. बोले अध्यक्ष होते. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले.

शाळेत असताना मात्र त्यांना संस्कृत घ्यायचे होते. जातीमुळे ते नाकारले गेले आणि नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. संस्कृतचा अभ्यास त्यांनी पुढे स्वतःच्या जिद्दीने केला.

आपल्याकडे काही जण अभिमानाने सांगतात, 'बघा, बाबासाहेब फारसी शिकले होते!' मलाही फारसीचे प्रेम आहे. तरी हा अभिमान मला अपुरा वाटतो. फारसी त्यांच्या वाट्याला आली ती दुसरे दार बंद झाले म्हणून. सरकारी शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गातला प्रत्येक विषय त्यांच्यासाठी खुला नव्हता.

आजही आपण उर्दू मुसलमानांची आणि संस्कृत ब्राह्मणांची असे सहज बोलून जातो. अर्ज, वकील, फिर्याद, कायदा हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले. ते वापरताना कुणी कुणाची जात विचारत नाही. मग जून महिन्यात मुलाची भाषा ठरवताना त्याचे आडनाव कशाला बघायचे? त्याला काय शिकायचे आहे, एवढे विचारले तरी पुरे.