फरांगांच्या तक्रारी कशा वाचायच्या?

थायलंडमध्ये गोऱ्या परदेशी माणसाला 'फरांग' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतोय ना? आपला 'फिरंगी' आणि हा 'फरांग' एकाच फारसी मुळातून आलेले आहेत. भारतीय माणसाला मात्र तिथे फरांग म्हणत नाहीत. त्याच्यासाठी 'खेक' हा वेगळा शब्द आहे, ज्याचा मूळ अर्थ पाहुणा. हा फरक डोक्यात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

या देशात 2019 साली जवळजवळ 4 कोटी परदेशी पर्यटक आले. पर्यटकांपेक्षा वेगळा एक गट म्हणजे तिथे राहायला आलेले परदेशी: निवृत्त, शिक्षक, व्यापारी, थाई कुटुंबात लग्न केलेले. ही मंडळी रस्ते, पोलीस, व्हिसा, भाजीचे भाव, कालची बातमी, सगळ्यावर बोलतात आणि भरपूर लिहितात. ही सवय आजची नाही, दीडशे वर्षांहून जुनी आहे. सयामच्या इतिहासावर काम करायला बसलात की सगळ्यात आधी हाताला हेच लिखाण लागतं, कारण ते इंग्रजीत आहे, छापलेलं आहे आणि वाचायला मजेदार आहे. धोका तिथेच आहे.

माझ्या एका प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात असं वाक्य होतं: 'सयामी लोक आळशी समजले जात.' मार्गदर्शकांनी 'समजले जात'खाली रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले: 'कोण समजत?' त्या दोन शब्दांनी अख्खं प्रकरण मोडलं. मराठीतला कर्मणी प्रयोग किती सोयीचा असतो बघा. बोलणारा माणूस गायब होतो आणि त्याचं मत वस्तुस्थिती होऊन बसतं.

मग शोधलं, कोण समजत होतं? बहुतेक व्यापारी, वकिलातीतले अधिकारी आणि मिशनरी. 1855 मध्ये ब्रिटनशी बाउरिंग करार झाला, आयात जकात 3 टक्क्यांवर बांधली गेली आणि बँकॉकमध्ये परदेशी पेढ्या वाढल्या. त्यांना रोजंदारीवर माणसं हवी होती. पण सामान्य सयामी माणूस कुठल्या तरी सरदाराच्या किंवा राजाच्या नावावर नोंदलेला असे, त्याला वेठ द्यावी लागे. तो मजुरीच्या बाजारात सहज उपलब्ध नव्हता. बँकॉकची मजुरी बरीचशी चिनी स्थलांतरित करत. म्हणजे 'आळशी' याचा अर्थ 'मला हव्या त्या दरात माझ्याकडे कामाला न येणारा'. आणि त्याच दशकांत याच 'आळशी' शेतकऱ्यांनी मध्य सयामची दलदलीची जमीन भाताखाली आणली, तांदळाची निर्यात कित्येक पटींनी वाढवली. हेच मत मलाया, जावा आणि फिलिपिन्समध्ये कसं तयार झालं, हे सय्यद हुसेन अलातास यांनी 1977 च्या पुस्तकात दाखवलं आहे. संशोधनाला लागण्याआधी ते वाचाच.

पहिला नियम इथे मिळतो. मत कोणाबद्दल आहे यापेक्षा ते कोणाच्या गरजेतून आलंय, ते आधी विचारा.

दुसरं उदाहरण आपल्या घराजवळचं. सयामच्या राजवाड्यात इंग्रजी शिकवायला गेलेली ॲना लिओनोवेन्स तुम्हाला सिनेमातून माहीत असेल. 1862 ते 1867 ती तिथे होती, 1870 मध्ये तिचं पुस्तक आलं. आपण वेल्समध्ये जन्मलो असं ती सांगे. प्रत्यक्षात तिचा जन्म 1831 चा, अहमदनगरचा, आणि लग्न झालं पुण्यात. हे उघड व्हायला शंभरेक वर्षं गेली. 1970 च्या दशकात डब्ल्यू. एस. ब्रिस्टो तिच्या मुलाचं चरित्र लिहीत होते. हे गृहस्थ मुळात कोळ्यांचे, म्हणजे आठ पायांच्या कोळ्यांचे अभ्यासक. त्यांनी जन्माच्या नोंदी तपासायला घेतल्या आणि सगळी कहाणीच सुटत गेली. एक साधी नोंद तपासायचं काम इतकी वर्षं कोणी केलं नव्हतं!

तिने राजवाड्याखालच्या तळघरातल्या अंधारकोठड्यांचं वर्णन केलंय. बँकॉकची जमीन इतकी पाणथळ की तिथे अशा कोठड्या त्या काळी शक्यच नव्हत्या, असं अभ्यासकांनी दाखवून दिलं. मग पुस्तक फेकून द्यायचं? नाही. राजवाड्याच्या आतल्या भागात, जिथे फक्त स्त्रिया आणि मुलं राहत, तिथे परदेशी पुरुषाला प्रवेश नव्हता. ॲनाला होता. त्यामुळे शिकवण्याची जागा, मुलांचं वागणं, दासींची कामं हे तिचं रोजचं पाहणं मोलाचं ठरू शकतं, अर्थात इतर पुराव्याशी ताडून. दुसरा नियम: पाहिलेलं, ऐकलेलं आणि ठरवलेलं वेगळं करा. एकाच वाक्यात तिन्ही असू शकतात.

आता बातम्यांकडे येऊ. अमेरिकन मिशनरी डॅन बीच ब्रॅडली यांनी 1844 मध्ये 'बँकॉक रेकॉर्डर' काढला, थाई भाषेतलं पहिलं वृत्तपत्र. ते लवकरच बंद पडलं आणि 1865 मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यातल्या एका बातमीवरून फ्रेंच वकील ओबारे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, ब्रॅडली हरले आणि 1867 मध्ये पत्र थांबलं. गंमत बघा: बातमी सयामची, वाचक सयामचे, पण खटला अमेरिकन वकिलातीच्या न्यायालयात. कारण करारांमुळे या परदेशी लोकांना सयामी न्यायालयं लागू नव्हती. राजा मोंगकुटनेही 1858 मध्ये स्वतःचं राजपत्र सुरू केलं होतं. अफवांना आणि चुकीच्या माहितीला आळा घालणं हा त्यामागचा एक हेतू. म्हणून परदेशी वृत्तपत्र वाचताना त्याच महिन्याचं राजपत्र शेजारी ठेवायची सवय लावा.

ही वकिलातींची सत्ता 1920 च्या दशकात आखडत गेली आणि 1937-38 च्या नव्या करारांनी संपली. माझ्या मते इथेच खरा बदल आहे, आणि तो तक्रारींच्या शब्दांत दिसत नाही. 1870 चा फरांग आणि आजचा फरांग जवळपास सारखंच बोलतात: कारभार ढिला, नियम रोज बदलतात, आम्हाला लुबाडतात. पण पहिला आपल्या वकिलातीच्या छत्राखाली बोलत होता. आजच्याला दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, निवृत्तीच्या मुक्कामासाठी बँकेत 8 लाख बात दाखवावे लागतात आणि जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. सूर तोच, पण पायाखालची जमीन वेगळी. तिसरा नियम: बोलणाऱ्याचं रक्षण कोणता कायदा करतोय, ते लिहून ठेवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे मौन. थायलंडच्या दंडसंहितेतलं 112 वं कलम राजघराण्याच्या अवमानाला 3 ते 15 वर्षांची शिक्षा सांगतं. 2007 मध्ये एका स्विस रहिवाशाला 10 वर्षांची, तर 2009 मध्ये एका ऑस्ट्रेलियन लेखकाला कादंबरीतल्या उताऱ्यावरून 3 वर्षांची शिक्षा झाली. दोघांनाही पुढे राजाने माफी दिली. मग परदेशी लोकांच्या पत्रांत राजाबद्दल टीका नाही, म्हणून ते समाधानी होते, असा निष्कर्ष काढाल का?

आता एक लाडकी तक्रार घ्या. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी माणसाला जास्त तिकीट असतं आणि काही ठिकाणी थाई लोकांचा दर थाई अंकांत लिहिलेला असतो, म्हणजे बाहेरच्याला चटकन कळू नये. वाचून राग येतो? वेरूळच्या खिडकीवर आपल्याला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये लागायचे, तेव्हा आपल्याला कधी राग आला होता का? मला तरी नाही. आपण खिडकीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, त्यावर 'अन्याय' हा शब्द सुचतो. तक्रार खोटी नसते, ती एका जागेवरून केलेली असते.

आणि आता 'खेक'कडे. ब्रिटिश प्रजा म्हणून नोंदलेले सगळे काही गोरे नव्हते. त्यांत भारतीय आणि ब्रह्मी लोकही होते. बँकॉकमध्ये भारतीय कापडवाले होते, रात्रीचे पहारेकरी होते. आज तिथे म्यानमारचे लाखो मजूर राहतात. तेही परदेशीच. पण 'परदेशी रहिवाशांची मतं' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? ज्याच्याकडे इंग्रजी, फुरसत आणि छापणारा संपादक होता, तो. पहारेकऱ्याने बँकॉकबद्दल काय मत बाळगलं, हे कदाचित एखाद्या खटल्याच्या कागदात किंवा वकिलातीच्या नोंदवहीत सापडेल. चौथा नियम: ज्यांचं लिखाण नाही, त्यांची जागा टिपणात रिकामी ठेवा, पण खोडू नका.

एक गृहपाठ देतो. तुमच्या विषयातलं बाहेरच्या माणसाने लिहिलेलं एकच पान घ्या आणि तीन रंगांच्या पेन्सिली. पाहिलेलं हिरवं, ऐकलेलं निळं, ठरवलेलं लाल. मग आपला स्वतःचा मसुदा घेऊन त्यावरही तेच करा. माझ्या त्या प्रकरणात लाल किती निघालं, ते विचारू नका. 'समजले जात' मात्र आता माझ्या प्रबंधात कुठेही उरलेलं नाही.