सायकलस्वाराचा नकाशा

नकाशा हें मूळचें राज्यकर्त्यांचें आणि सेनापतींचें साधन. इंग्लंडांतील ऑर्डनन्स सर्व्हे हें खातें १७९१ सालीं सुरू झालें, तें फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीनें. आणि त्याचा १८०१ सालचा पहिला नकाशा निघाला तो केंट परगण्याचा, कारण शत्रूचा किनारा तेथूनच जवळ होता. अशा नकाशाला पुढें एका अगदीं साध्या प्रवाशानें निराळेच प्रश्न विचारले: "चढ किती? रस्ता कसा? रात्रीं मुक्काम कोठें?" हा प्रवासी म्हणजे सायकलस्वार.

गाडींत बसलेल्याचे पाय चढावर दुखत नाहींत. सायकलस्वाराला मात्र शंभर फुटांच्या चढाचा हिशेब स्वतःच्या श्वासानें चुकवावा लागतो. म्हणूनच १८७८ सालीं हॅरोगेट येथें स्थापन झालेल्या आणि १८८३ पासून 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या नांवानें ओळखल्या गेलेल्या मंडळानें नकाशाचा प्रश्न मनावर घेतला. एडिंबरोच्या बार्थोलोम्यू या पेढीचे नकाशे अर्ध्या इंचास एक मैल या प्रमाणाचे होते. त्यांत सखल भाग हिरवा व उंच भाग तपकिरी अशी रंगांची चढण असे. त्यामुळें पुढें काय वाढून ठेवलें आहे तें एका दृष्टिक्षेपांत कळे. मंडळाचे सभासद फिरून आले कीं रस्त्यांच्या चुका कळवीत, आणि नव्या आवृत्तींत त्या सुधारल्या जात. ज्यानें नकाशा वापरावा त्यानेंच तो दुरुस्त करावा, हा प्रघात असा पडला. तो फार मोलाचा होता.

नकाशावांचून सायकलस्वाराचें अगदींच अडतें असेंहि नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा या तिघांनीं ती १९२८ सालीं पुरी केली. आकाशांतून वाट सांगणारें यंत्र त्या काळीं कोणाजवळच नव्हतें. गांवकऱ्यास रस्ता विचारण्यांत कमीपणा नाहीं, हें अशा प्रवाशांना सांगावें लागत नाहीं.

यानंतरचा मोठा पालटहि लष्करांतूनच आला. अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें १९७३ सालीं जी. पी. एस. ही योजना हातीं घेतली व १९७८ च्या फेब्रुवारींत तिचा पहिला उपग्रह सोडला. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि प्रत्येकांत अणुघड्याळ असतें. संदेश निघाला केव्हां व पोंचला केव्हां, यांतील अंतरावरून खालचें यंत्र आपलें स्थान काढतें. स्थानासाठीं तीन उपग्रह पुरते. पण हातांतील यंत्राचें घड्याळ साधें असल्यामुळें त्याची चूक काढण्यास चौथा लागतो. वेळेंत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर स्थानांत तीनशें मीटरांची चूक होते!

१ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें. तें पाडण्यांत आलें आणि २६९ माणसें प्राणास मुकलीं. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारनें ही योजना नागरिकांसहि खुली करण्याचें जाहीर केलें. १९९५ सालीं ती पूर्णत्वास गेली; तरी नागरी संदेश मुद्दाम सदोष ठेवला जाई, व सुमारें शंभर मीटरांचा फरक पडे. दोन फांटे फुटतात तेथें एवढा फरक म्हणजे निव्वळ फसवणूक. १ मे २००० च्या रात्रीं तो दोष काढून टाकण्यांत आला, आणि तेव्हांपासून हें यंत्र सायकलस्वाराच्या खऱ्या उपयोगाचें झालें. २००५ सालीं गार्मिन कंपनीनें 'एज' नांवाचीं, हँडलावर बसणारीं यंत्रें जाहीर केलीं.

परंतु स्थान कळलें म्हणजे रस्ता कळला असें नव्हे; त्यासाठीं नकाशा लागतोच. ब्रिटनमधील सरकारी नकाशांच्या वापरावर मालकीहक्काचीं बंधनें होतीं. २००४ सालीं स्टीव्ह कोस्ट यांनीं 'ओपनस्ट्रीटमॅप' हा सर्वांनीं मिळून करावयाचा नकाशा आरंभिला. हौशी माणसें यंत्र घेऊन, पुष्कळदां सायकलीवरूनच, गल्लीबोळ हिंडलीं आणि आपल्या वाटांच्या रेघांवरून त्यांनीं नकाशा रेखाटला. जुन्या मंडळाचा प्रघात नव्या वेषांत पुन्हां अवतरला. भारतांतहि १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं सरकारनें नकाशे करण्यावरील पुष्कळ निर्बंध उठविले.

या इतिहासांतच यंत्र निवडण्याची कसोटीहि सांपडते. सायकलस्वाराचा पहिला प्रश्न चढाचा. आणि उपग्रहावरून काढलेली उंची स्थानाइतकी भरंवशाची नसते. म्हणून हवेचा दाब मोजणारें यंत्र असलेलें बरें. मात्र हवा पालटली कीं दाबहि पालटतो. यास्तव निघतांना ज्ञात उंचीशीं तें जुळवून घ्यावें. नकाशा यंत्रांतच सांठविलेला असावा. घाटांत दूरध्वनीचा संदेश मिळेलच असें नाहीं. पडदा भर उन्हांत वाचतां यावा, पावसांत ओल्या बोटांनींहि चालणाऱ्या कळा असाव्या, आणि दिवसभराच्या प्रवासास विजेचा सांठा पुरावा. खोल दरींत व उंच इमारतींमध्यें संदेश अडतो किंवा भिंतींवरून परावर्तित होऊन येतो, तेव्हां चूक होणारच. यंत्रानें सुचविलेला जवळचा मार्ग कधीं शेतांतली पायवाट निघतो. म्हणून आदल्या रात्रीं सारा मार्ग चढउतारासह डोळ्यांखालून घालावा, आणि एक कागदी नकाशा पिशवींत असूं द्यावा.

आणखी एक कर्तव्य उरतें. वाहून गेलेला पूल, नवा रस्ता, पाण्याची विहीर, हें ज्याच्या दृष्टीस पडलें त्यानें तें नकाशांत नोंदवावें. उपग्रह कितीहि अचूक असले तरी विहिरीला पाणी आहे कीं नाहीं, हें त्यांचा संदेश सांगत नाहीं. तें तेथें जाऊन आलेल्या माणसानेंच सांगावें लागतें, आणि मागून येणाऱ्याची तहान त्यावरच अवलंबून असते.